तिकीट काढून गावाकडे

"म्हंजे तिथं गाव हाय?"

"हो."

"घरं हायेत?"

"हो, आण्णा."

"आन् माणसं?"

"माणसं सिमेंटची आहेत."

आण्णा थोडा वेळ क्रूझरच्या खिडकीतून सांगोल्याकडची डाळिंबं बघत राहिले. परभणी जिल्ह्यातल्या माणसाने गाव बघायला पैसे मोजायचे, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. शेवटी म्हणाले, "आपल्या गावात जित्ती माणसं फुकट बघायला मिळत्यात, तरी कुणी येईना. ह्यांचं बरंय. ह्यांची माणसं भाकर बी मागत नसतील."

मराठवाड्यातून निघणाऱ्या देवदर्शनाच्या गाडीचा मार्ग ठरलेला असतो: तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर, जोतिबा. मध्ये एखादं जास्तीचं ठिकाण घुसवायचं तर तिथे निदान एक देव लागतो. कणेरीला काडसिद्धेश्वरांचा जुना मठ आहे, ही माझ्या पथ्यावर पडलेली गोष्ट. मठात 42 फुटी शंकर आहे हे ऐकून आत्याने मंजुरी दिली. बाजूला संग्रहालय आहे, हे मी तिला गाडी उभी राहिल्यावर सांगितलं.

कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर, गोकुळ शिरगावाजवळ, हे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. सुमारे सात एकरांत अख्खं गाव मांडलंय. बारा बलुतेदार, त्यांची घरं, अवजारं, गुरंढोरं, आणि तीनशेच्या आसपास माणसं. पुतळे बनवणाऱ्याने हात राखून काम केलेलं नाही. मानेवरच्या शिरा, टाचांच्या भेगा, म्हातारीच्या कानाची ओघळलेली पाळी, सगळं जागच्या जागी. प्राचीन ऋषींचीही एक गुहा आहे. पाणिनी, चरक, सुश्रुत अशी मंडळी तिथे बसलेली. त्या गुहेत आत्याचे हात जे जोडले गेले ते नंतर सुटलेच नाहीत. पुढे न्हाव्याला, कासाराला आणि एका म्हशीलाही नमस्कार झाला. वासुदेवापुढे तिने पाच रुपयांचं नाणं ठेवलं, चार पावलं गेली, परत आली आणि उचलून घेतलं. "त्यो दान पावलं म्हणंना," असं कारण दिलं.

आण्णांचा जीव मोटेपाशी अडकला. हा माणूस लहानपणी मोट हाकलेला. नाडा कुठला, सोंदूर कुठली, बैल धावेवरून उतरताना मोटकऱ्याने नाड्यावर कसं बसायचं, हे त्यांनी माझ्या पुतण्याला, आणि ऐकायला थांबलेल्या सांगलीच्या एका अनोळखी कुटुंबाला, तपशिलात समजावलं. मग ते बैलाकडे वळले. पाठीवरून हात फिरवला, वशिंड दाबून बघितलं, खाली वाकून खूर पाहिले. एवढं झाल्यावर स्वाभाविकपणे त्यांनी बैलाचा जबडा उघडायला हात घातला.

"आण्णा, सिमेंटचा आहे तो."

"ते कळतंय मला. पर दात बघितल्याबिगर वय कसं सांगू?"

"वय कशाला सांगायचंय?"

"घ्यायचा नसला तरी वय सांगायला काय जातंय?" दोन पावलं मागे जाऊन त्यांनी निकाल दिला, "खिल्लार हाय. दिसायला देखणा. आपल्या काळ्या रानात चिखलात लाल कंधारीच पायजे. ह्यो रुसतो."

सगळा फेरा झाल्यावर आण्णा पाराजवळ टेकले आणि त्यांनी एक शंका काढली. मला ती आजही बिनतोड वाटते. "ह्या गावात समदेच कामात कसे?" खरंच की. लोहार ठोकतोय, कुंभार फिरवतोय, सुतार तासतोय, बायका दळतायत, कांडतायत, पाणी आणतायत. रिकामा असा एकही नाही. फाट्यावरच्या हॉटेलात सकाळपासून एका चहावर बसलेला इसम नाही, कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर नाही, बॅनरवर कोपऱ्यात शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले चेहरे नाहीत. कुत्रं नाही. बांधावरून भांडण नाही. सात एकरांच्या गावात मोजणीला आलेला भूमापक नाही! इतकं शांत गाव आमच्या तालुक्यात असतं तर लोकांनी तिथे देऊळच बांधलं असतं.

आत्याची हरकत घरांवर होती. उतरत्या छपराखाली उभी राहून तिने वर बघितलं. "समदं कौलाचं. ह्याच्यावर कुरडया कुठं घालायच्या? आन् उन्हाळ्यात निजायचं कुठं, कौलावर?"

कोल्हापूरकडे पाऊस धो धो पडतो, छप्पर उतरतं असायलाच हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात जातो, त्यामुळे आमचं घर वेगळ्या अकलेने बांधलेलं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर सरं, त्यांवर किलचण, मग पाला आणि सगळ्याच्या वर हातभर पांढरी माती. हे माळवद. बाहेर जमीन तापलेली असताना आत गारवा. रात्री सगळं घर वर निजायला. पापड-कुरडया वर, वरात बघायला वर, शेजारणीच्या भांडणाचा शेवट ऐकायलाही वरच. उजेडासाठी माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. त्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकत जायचा आणि आजी त्यावरून भाकरीची वेळ ठरवायची.

आत्याने मग दुसरा प्रश्न टाकला. "वाटणीची भिंत कुठंय?"

तिचं म्हणणं रास्त होतं. ज्या घरात वाटणीची भिंत नाही ते घर मराठवाड्यात जुनं म्हणून कुणी मान्य करणार नाही. आमचा सेलूकडचा वाडा चार भावांत वाटला गेला तेव्हा पंच दोन दिवस दोरी धरून उभे होते. ढेळजेच्या मधोमध भिंत आली. साणं नेमकं त्या भिंतीच्या रेषेवर पडलं, म्हणून सकाळचं ऊन चुलत्यांकडे आणि दुपारनंतरचं आमच्याकडे. धान्याचं बळद एकाच्या भिंतीत आणि त्याचं तोंड दुसऱ्याच्या माजघरात. मोठ्या कवाडाची एक फळी थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. दार लावायचं तर दोघांनी आधी एकमेकांशी बोलायला पाहिजे. त्यामुळे ते दार पुढची पंधरा-वीस वर्षं उघडंच राहिलं, आणि चोर आला नाही, कारण आत कोण कोणाच्या हद्दीत आहे हे त्यालाही कळलं नसतं.

आता तो वाडा नाही. तिथे चार भावांचे चार स्लॅब आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर उघड्या सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या, पुढल्या पिढीच्या मजल्यासाठी. पुढली पिढी हिंजवडीत भाड्याने राहते. सागाच्या तुळया गेल्या, कोरीव चौकट एक व्यापारी टेम्पोत घालून घेऊन गेला. अशा चौकटी नंतर कुठे उगवतात ते हायवेवर जेवायला थांबणाऱ्यांना ठाऊक आहे: आत एसी, बाहेर चौकट, आणि पिठलं-भाकरीचा दर बघून आपलं पोट भरलेलंच बरं वाटतं.

लोकांनी माळवदं हौसेने पाडली असं मात्र म्हणता येत नाही. 1993 साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, 30 सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला. दगडाच्या जाड भिंती आणि वरची हातभर माती झोपलेल्या माणसांवर आली, हजारो गेले. आमच्याकडेही त्यानंतर लोकांनी बाजा उचलून अंगणात मांडल्या. ज्या माळवदाने पिढ्यान् पिढ्या ऊन अडवलं, त्याच्याकडे माणसं रात्री संशयाने बघू लागली. त्यातून ते गळायचंही. मृगाच्या आधी वर चढून नवी माती टाकायची, ती चोपायची, हे काम करणारे हात शहरात गेले. कुठल्या थेंबाखाली कुठलं पातेलं ठेवायचं हे आत्याला अजून पाठ आहे, पण त्यासाठी कुणी पातेल्यात राहायला तयार होत नाही. सिमेंट आलं ते असं. कणेरीत मला राहून राहून गंमत वाटत होती ती याचीच. ज्या सिमेंटने गावातली माती गिळली, त्याच सिमेंटच्या अंगावर तिथल्या गावकऱ्यांची कातडी चढवलेली आहे.

"मग खरी घरंच उचलून आणून ठेवायची ना," पुतण्या म्हणाला. त्याने मोबाइलवर स्वीडन काढलं होतं. जगात जर्मनी म्हणणाऱ्या परभणीला स्वीडन म्हणजे शेजारचा तालुका. तिथे स्टॉकहोमला आर्तुर हाझेलियुस नावाच्या गृहस्थाने 1891 साली स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. कारखाने वाढायला लागले, खेडी बदलायला लागली, तेव्हा त्याने देशभरातून शेतकऱ्यांची घरं सुटी करून आणवली आणि पुन्हा उभी केली. आज तिथे दीडशेच्या आसपास इमारती आहेत. जगभर अशी संग्रहालयं निघाली ती त्याच्या मागून.

आण्णांनी फोटो लांब धरून पाहिले. "लाकडाची हायेत. खिळे काढले की सुटी, ठोकले की उभी. आपलं घर कसं न्यायचं? पाट्या भरून? माती हितून तिथं नेली की ती नुसती माती."

मी भोपाळ पुढे केलं. तिथलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय श्यामला टेकडीवर 200 एकरांत आहे. त्यांनी युक्ती केली. ज्या आदिवासी समाजाचं घर हवं, त्या समाजातलीच माणसं बोलावली, आणि त्यांनी आपल्या हातांनी, आपल्या पद्धतीने तिथे घर बांधलं. घर हलवण्यापेक्षा घर जाणणारा माणूस हलवणं सोपं.

हे आण्णांना पटलं. पटलं की ते लगेच पुढचा प्रश्न विचारतात. "आन् पाऊस लागल्यावर वर चढतं कोण?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मातीच्या घराला पहारेकरी पुरत नाही, त्याला बिऱ्हाड लागतं. रोज चुलीचा धूर लागतो, सणाला सारवण लागतं, वर्षाला एकदा डोक्यावर चढणारा माणूस लागतो. काचेमागे ठेवलं की ते दोन पावसाळ्यांत बसतं.

मठातल्या प्रसादावर आत्या खूश झाली. महालक्ष्मीपुढे ओटी भरून झाली, जोतिबाचा गुलाल कपाळापासून सीटच्या कव्हरपर्यंत पोचला आणि गाडी माघारी फिरली. मिरज ओलांडेपर्यंत आण्णा गप्प होते. मग एकदम म्हणाले, "पोराला चारठाणा दाखिवला का रे तू?"

दाखवला नव्हता. गावी पोचल्यावर दाखवला.

चारठाणा जिंतूर तालुक्यात. गावात एकेकाळी 360 देवळं होती अशी आख्यायिका सांगतात. तेवढी कुणी मोजली नसतील, पण यादवकाळातली जी उभी आहेत तीही एका गावाला भरपूर झाली. उंच कोरीव स्तंभ आहे, बारव आहे. नक्षीचे दगड घराच्या पायरीला, गोठ्याच्या भिंतीला लागलेले दिसतात. इथे पुतळे नाहीत, त्यामुळे रिकामी माणसं मुबलक. एकाने आम्हाला देऊळ दाखवायला म्हणून नेलं आणि वाटेत सोयाबीनच्या भावावर अर्धा तास घेतला. एका बाईने ओसरीवरूनच आत्याचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी एवढं सगळं काढून घेतलं. एका गल्लीत माळवद सापडलं. भिंतीला पोपडे, वर डिश अँटेना, आणि तिच्या शेजारी कुरडया वाळत घातलेल्या. आत्या त्या घराखाली उभी राहून म्हणाली, "हां. ह्याला म्हणत्यात घर."

दुसऱ्या दिवशी सेलू तालुक्यातलं वालूर. तिथली बारव बघून पुतण्याने मोबाइल खिशात टाकला, यावरून काय ते समजा. पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, गोल फिरत उतरतात. उतरताना प्रत्येक वळणावर वाटतं आता संपेल, आणि ती पुढे वळते. ही बारव गाळाने, कचऱ्याने भरली होती, गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली. आण्णा एका हाताने भिंत धरून खालपर्यंत गेले. वर येऊन म्हणाले, "ह्यो दगड बसिवणारा गवंडी शाना होता. बाईमाणसाला घागर घेऊन वर येताना दम लागू नये म्हणून ह्यानं वाट वळिवली." असंच असेल का हे मला सांगता येणार नाही, पण आण्णांच्या गुडघ्यांची साक्ष त्यांच्या बाजूने होती.

कणेरीला जा, जरूर जा, मुलांना घेऊन जा. मोट कशी चालायची हे आता तिथेच बघायला मिळेल. पण परभणीकडे आलात तर चारठाणा आणि वालूर चुकवू नका. मे महिन्यात येऊ नका, संक्रांतीच्या आसपास या, हुरडाही मिळेल. तिकीट नाही, पत्ता गावात विचारा, आणि विचारला की चहा घ्यावाच लागतो, तेवढा वेळ राखून या. आणि ज्यांच्या घरी अजून माळवद उभं आहे त्यांना हात जोडून एकच सांगणं: पाडायचंच असेल तर पाडा, पण आधी टेप लावून मापं घ्या, फोटो काढा, तुळया कुणी तासल्या आणि माती कुठून आणली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. चौकट विकायला काढलीत तर व्यापाऱ्याला बोलावण्याआधी आमच्या आत्याला बोलवा. ती भाव इतका ताणून धरते की व्यापारी चहा पिऊन रिकाम्या टेम्पोने परत जातो.