वर्गमूळ, १ नग

२००४ साली नववीच्या सहामाहीचा गणिताचा पेपर मी पहिल्यांदाच संगणकावर करायला घेतला आणि दुसऱ्याच प्रश्नाला वर्गमूळ आडवं आलं. वर्डच्या यादीत ‘इक्वेशन ३.०’ दिसत होतं. टिचकी मारली, तर ही सोय बसवलेली नाही, सीडी घाला, असा निरोप! लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव छापलेला चुलता मांडवात फिरकू नये, तसलं हे प्रकरण.

त्या काळी ऑफिस बसवताना डिस्कवरची जागा वाचवायला काही वस्तू सीडीतच ठेवत. त्यांच्यापुढे पिवळा १ असे. म्हणजे पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा बसवू. गरज पडली होती. सीडी भाऊसाहेबांकडे होती.

भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांनी जडसंग्रह नोंदवहीत ‘पृथ्वीचा गोल, १ नग’च्या खाली ‘तबकडी, १ नग’ अशी नोंद करून ती कपाटात कुलूपबंद केली होती.

“मुख्याध्यापकांची सही लागेल, सर.”

“दोन मिनिटांचं काम आहे हो, भाऊसाहेब.”

“मग अर्जही दोनच ओळींचा करा.”

मुख्याध्यापक जिल्ह्याच्या गावी मीटिंगला. शेवटी जागा मोकळ्या सोडून प्रिंट काढली आणि झेरॉक्सला देण्याआधी वर्गमूळांची छपरं पेनाने घातली. घाईत एक आखूड पडलं. ९ अधिक १६ यांतल्या नवावरच छप्पर, सोळा बाहेर पावसात. निम्म्या वर्गाचं उत्तर ५, निम्म्याचं १९. दोन्हींना गुण द्यावे लागले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सही झाली. इक्वेशन खरंच दोन मिनिटांत बसलं. सीडी परत हातात पडेपर्यंत भाऊसाहेब शेजारून हलले नाहीत.

पुढे संगणक बदलले, ऑफिसच्या नव्या आवृत्त्या आल्या, त्यांत समीकरणांची सोय आतच आली. पण मी जुन्यालाच चिकटून राहिलो. आणि जानेवारी २०१८ मध्ये एका अपडेटने ते काढूनच टाकलं. त्याच्यातल्या फटीतून चोर शिरत होते, तेव्हा तक्रार नाही. जुन्या पेपरांतली समीकरणं दिसायची, पण दुरुस्त करू म्हटलं तर हलायची नाहीत. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंसारखी.

भाऊसाहेबांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“काढलं? निर्लेखनाच्या प्रस्तावाशिवाय?”