घोडा का अडला?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरात सामसूम आहे आणि मी घोड्याला खरारा करतोय. डावं अंग झालं, आता उजवं. घोडा फुरफुरतो, मी त्याच्या मानेवर थाप मारतो आणि थैलीतलं एक गाजर त्याच्या तोंडाशी धरतो. पाणी प्यायला उठलेली मुलगी दारात थांबते.

“बाबा, अजून घोडाच पुसताय? दरोडा कधी घालणार?”

“घालतो गं. आधी बंदुकीला तेल द्यायचंय.”

“ती कालच पुसली होती ना?”

“काल पावसात भिजली.”

यावर ती काही बोलली नाही. दिवा मात्र जाताना मालवून गेली.

हा घोडा आणि ही बंदूक ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ या व्हिडिओ गेममधली. खेळ 2018 चा, गोष्ट 1899 सालच्या अमेरिकेतली, नायक आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर. भाच्यानं नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं मला दिलं. म्हणाला, “मामा, ओपन वर्ल्ड आहे. कुठंही जा, काहीही करा, कोणी विचारायला येणार नाही.” पन्नाशीला टेकलेल्या संसारी माणसाला याहून मोठं आमिष कुठलं असणार? त्याच रात्री मी त्या मोकळ्या जगात शिरलो आणि आठवड्याभरात कळून चुकलं, की विचारणारे इथं घरच्यापेक्षा जास्त आहेत. घोडा मळला की लवकर दमतो. बंदूक मळली की तिचा जोर कमी होतो. आर्थरची दाढी आपोआप वाढत राहते. जेवणाची आबाळ झाली की तो रोडावतो, जास्त झालं की सुटतो. बर्फात शिरताना कोट चढवायचा, उन्हात आलं की उतरवायचा. टोळीच्या तळावर शिधा, औषधं आणि दारूगोळा संपत आला की त्याचाही निरोप येतो. घरातून निघाला होता दरोडा घालायला, आणि आता बिचारा तळावर लाकडं फोडतोय, पोती वाहतोय.

माझी नोकरी सांगितली म्हणजे यातली खरी गंमत कळेल. मी उरणजवळच्या द्रोणागिरीला राहतो आणि इथल्याच एका कंटेनर यार्डात काम करतो. 1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, त्याच्या पाठोपाठ ही यार्डं आली. माझ्याकडे रीफर, म्हणजे माल गार ठेवणारे कंटेनर असतात. मासळी, औषधं, फळं. हंगामात नाशिककडची द्राक्षं येतात, शून्य अंशाच्या आसपास राखलेल्या त्या पेटाऱ्यात बसून युरोपला निघतात. त्यांचं तापमान ठरल्या वेळी बघायचं, वहीत मांडायचं, प्लग नीट बसलाय ना ते हातानं चाचपायचं. पाळीचे आठ तास मी द्राक्षांना पुरेशी थंडी वाजतेय ना ते बघतो, आणि रात्री घरी येऊन आर्थरला थंडी वाजत नाही ना ते बघत बसतो.

भाच्याला मी तक्रार केली तर तो हसला. म्हणाला, “मामा, सगळीकडे तेच आहे.” आणि खरंच, या खेळांच्या दुनियेत जरा मुरल्यावर दिसायला लागलं, की माणसाच्या डोक्यावरचं एकही लचांड खेळ करणाऱ्यांनी सोडलेलं नाही. 2004 च्या ‘सॅन अँड्रियास’ मधल्या सीजेला बर्गर जास्त झाले की ढेरी सुटते आणि मग त्याला जिममध्ये घाम गाळायला लावावा लागतो. माझी स्वतःची ढेरी त्या वेळी सोफ्यावर बसून हे सगळं पाहत असते. 2008 च्या ‘फार क्राय 2’ मध्ये नायकाला मलेरिया झालेला असतो. भर गोळीबारात डोळ्यांपुढं अंधारी येते आणि गोळी घ्यावी लागते. खाडीकाठच्या डासांत राहणाऱ्या आम्हां मंडळींना यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. 2019 च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ मध्ये तर जगबुडीनंतरचा नायक मुख्यतः घरपोच पार्सलं पोचवतो. पाठीवरचा बोजा एकीकडे कलला की तोल जातो, आणि चालून चालून बूट झिजतात.

मळभ दाटून आलं की मला एक जुना खेळ आठवतो आणि बरं वाटतं. 1995 च्या सुमाराला पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या जोडीनं ‘डेझर्ट बस’ म्हणून एक खेळ करवून घेतला होता. टूसानहून लास वेगासला रिकामी बस न्यायची. वाळवंटातला रस्ता, खऱ्या घड्याळानं आठ तास, मधे थांबायची सोय नाही. बस सतत थोडी उजवीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंगवरचा हात काढता येत नाही. आठ तासांनी पोचलात की एक गुण. तो खेळ तेव्हा बाजारात आलाच नाही, पण 2007 पासून काही मंडळी दर वर्षी दिवसचे दिवस हीच बस हाकतात आणि ते बघणाऱ्या लोकांकडून आजारी मुलांसाठी पैसे गोळा करतात. कंटाळ्याचाही सदुपयोग होतो, तो असा.

या खेळांतलं सगळ्यांत चिवट काम म्हणजे सामानाची वाहतूक. दिसेल ते उचलायचं: पाला, कातडी, फुटके डबे, दोऱ्याची रिळं. पुढं लागलं तर? मग ओझं मर्यादेबाहेर जातं आणि नायक पाय ओढत चालायला लागतो. ‘स्कायरिम’ मध्ये सुरुवातीला 300 वजनाची मुभा असते. त्यावर एखादी कवडी जास्त झाली की पळणं बंद. माझ्या आईनं पोटमाळ्यावर बरणीची झाकणं साठवली तेव्हा आम्ही तिला हसायचो. ती झाकणं टाकताना मी अजूनही हसतो आणि खेळात मात्र तीच जमवत बसतो.

या बाबतीत आमच्या गावाला मोठी परंपरा आहे म्हणा. द्रोणागिरी हे नाव करंजाच्या बाजूला समुद्राला खेटून उभ्या असलेल्या डोंगराचं. लक्ष्मणासाठी औषधी आणायला गेलेल्या मारुतीनं नेमकी मुळी ओळखता येईना म्हणून अख्खा पर्वतच उचलला. त्याचा एक तुकडा इथं पडला, असं सांगणारी माणसं इथं भेटतात. ‘कुठलं लागेल ते कळत नाही, सगळंच घेऊन चल’ हा ओपन वर्ल्डवाल्यांचा आद्य मंत्र. मारुतीला वजनाची मर्यादा नव्हती, एवढाच फरक.

पण मग प्रश्न पडतो, की लोक हे खेळतात का? दिवसभर कामाला जुंपलेली माणसं पैसे मोजून रात्रीची दुसरी पाळी का घेतात? 2009 साली फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आलं तेव्हा अनेकांनी रात्री गजर लावून पिकं काढली होती, कारण तिथली स्ट्रॉबेरी चार तासांत पिकायची आणि वेळेत तोडली नाही तर वाळून जायची. हा वेडेपणा अमेरिकेतून आला म्हणावं, तर आपल्या घरातली भातुकली कुठून आली? भातुकलीत कोणी राज्य जिंकत नाही की राक्षस मारत नाही. चूल मांडायची, पाणी भरायचं, पाहुण्यांना वाढायचं, भांडी घासायची. आई ज्याला वैतागलेली असे, तेच काम लेक दुपारभर आनंदानं करी. मंगळागौरीला रात्र जागवताना बायका हातात घेतात ती सुपं आणि लाटणी. काम जेव्हा कुणी लादलेलं नसतं तेव्हा त्याचाच खेळ होतो, हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

तरी भातुकली आणि माझा घोडा यांत एक फरक आहे. भातुकलीतला भात करपत नाही. घोडा अडतो. अकबर-बिरबलाच्या नावावर खपणारं ते कोडं आठवतं ना? भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? तिन्हींचं उत्तर एकच: फिरवली नाहीत म्हणून. लहानपणी हे उत्तर फार हुशारीचं वाटायचं. आता वाटतं, बिरबलाला बिचाऱ्याला मुदपाकखान्यात आणि तबेल्यात स्वतः हेलपाटे घालावे लागत असणार.

द्रोणागिरीत राहायचं तर हे कोडं रोज सोडवावं लागतं. इथला वारा खारा. खिडकीचे गज, टाकीचं झाकण, मुलीच्या सायकलची साखळी, सगळ्यांवर त्याची नजर. ‘माइनक्राफ्ट’ मध्ये लाकडी कुदळ 59 घाव टिकते, लोखंडी 250 आणि हिऱ्याची 1561. आकडा आधीच माहीत असतो. आमच्या बाल्कनीच्या कडीवर आकडा लिहिलेला नाही, पण दोन पावसाळ्यांच्या वर ती कधी गेलेली नाही. तिकडे करंजाला तर निगा राखायचा हंगामच असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. मग बोटी वर ओढायच्या, शाकारायच्या, रंगवायच्या, फाटलेली जाळी सांधायची. त्याआधीच उन्हात वाळवलेल्या सुकटीची बेगमी घरोघर डब्यांत गेलेली असते. खेळवाले ज्याला सर्व्हायव्हल म्हणतात, त्याला इथं उन्हाळ्या-पावसाळ्याची कामं म्हणतात.

आमच्या यार्डात एक काका आहेत, उरणच्या पूर्व भागातले आगरी, निवृत्तीला आलेले. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला त्यांची रजा ठरलेली. आम्ही त्यांना ‘काय काका, उपास का?’ म्हणून चिडवायचो. एकदा चहाला बसलो असताना मी त्यांना माझ्या घोड्याची कर्मकथा सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “तुजा घोरा बरा. बांधाला इसरलास तं दर्या घरान येल.”

मग त्यांनी बांध समजावून सांगितला. खाडीच्या कडेनं चिखलाचा बांध घालून भरती बाहेर ठेवायची आणि आत भात पिकवायचा, ही या पट्ट्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. बांधात उघाडी असते. ओहोटीला तिची झडप उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती मिटते. सगळं ठीक चाललेलं असताना खेकडे बांधात बिळं पाडतात. बीळ बोटाएवढं असतं. त्यातून पाणी पाझरतं, पाझर वाढतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या एखाद्या मोठ्या उधाणाला बांधाला खांड जाते. खारं पाणी एकदा शेतात पसरलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. म्हणून गावानं जोळाच्या पद्धतीनं, घरटी माणूस लावून, बांध राखायचा. कोणी शाबासकी देत नाही. काम चोख झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणं हेच त्याचं फळ.

काकांचं ऐकताना मला बिरबलाचा चौथा प्रश्न सुचला. बांध का फुटला? कोणी फिरकलं नाही म्हणून.

त्या रात्री घोडा पुसताना माझं मन काही लागेना. आर्थरच्या मुलखातली प्रत्येक पाऊलवाट मला ठाऊक आहे. कुठल्या वळणावर लांडगे येतात, कुठं नदी उतरता येते, सगळं. कारण त्या घोड्यापायी, त्या शिकारीपायी मी तिथं इतक्यांदा हिंडलोय. ती कंटाळवाणी कामं नसती तर मी डोंगरावरून डोंगरावर उड्या मारत दरोडे घातले असते आणि त्या मुलखाची मला काडीची ओळख झाली नसती. खेळ करणाऱ्यांना हे कळलेलं आहे. पडद्यावरची एखादी पट्टी रिकामी होते म्हणून भरा, एवढंच ज्या खेळात असतं तो दोन दिवसांत नकोसा होतो. कामापायी जिथं हिंडावं लागतं, तिथं माणूस रुळतो.

आणि द्रोणागिरी? 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत लोकल आली, आम्हांला आमचं स्टेशन मिळालं, त्याच दिवशी अटल सेतूही उघडला. इथून बाहेर पडायचे सगळे मार्ग मला पाठ आहेत. पण नवी मुंबईसाठी 1970 पासून ज्या 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्याच एखाद्या शेतावर आमची इमारत उभी असणार, आणि ते शेत कुणाच्या तरी फिरकण्यानं समुद्रापासून वाचलेलं असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. घोड्याला गाजर चालतं, सफरचंदही चालतं, हे मला माहीत आहे. उद्या भरती किती वाजता आहे, ते माहीत नाही.

पुढच्या अमावास्येला रविवार आला. काकांच्या स्कूटरवर मागं बसून मी खोपट्याच्या पलीकडे त्यांच्या बांधावर गेलो. काका अनवाणी पुढं, मी चपला हातात घेऊन मागं. दर चार पावलांवर ते वाकायचे, बोटानं चिखल दाबून बघायचे आणि पुढं निघायचे. प्लग चाचपताना माझा हात जसा जातो, अगदी तसा. दोन तासांत तीन बिळं सापडली. दोन काकांनी बुजवली, एक मी.