आडनाव कसं बिघडवावं? नवशिक्यांसाठी सोप्या पायऱ्या

साहित्य: एक धडधाकट आडनाव, आजोबांच्या वेळचा उर्दूतला दाखला, आधार कार्ड आणि दोन-तीन पिढ्यांची सवड. घाई करू नये. आडनाव लोणच्यासारखं मुरावं लागतं.

पायरी १ : आडनाव तयार करा.
गावापुढं 'कर' लावा. लातूरचे लातूरकर, चाकूरचे चाकूरकर. गावाच्या शेवटी 'आ' असेल तर त्याचा 'ए' करा : निलंग्याचे निलंगेकर, औशाचे औसेकर. आमच्या लातूरकडच्या मुरुडला ही भानगड नाही, सरळ मुरुडकर. भानगड वेगळीच आहे. एक मुरुड जंजिऱ्यापाशी, दुसरं दापोलीकडं, महर्षी कर्व्यांचं. त्यामुळं पुण्यात आडनाव सांगितलं की समोरचा मासळीचा भाव विचारतो. आमच्या बार्शी रोडला समुद्र लागत नाही, हे हसतमुखानं सांगावं.

पायरी २ : दप्तरी नोंद करा.
सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्याकडं निजामाचं राज्य आणि उर्दू दप्तर. उर्दूत 'ड' ठणठणीत आहे, पण ऱ्हस्व उकार सहसा लिहीत नाहीत. म्हणून कागदावरचं मुरुड कुणी मरड वाचावं, कुणी मिरड. पुढं इंग्रजी आली. तिनं उकार परत केले आणि 'ड' ठेवून घेतला. आता बँकेतले परप्रांतीय साहेब 'मुरुदकर कौन है?' म्हणून पुकारतात. दोन्ही कागद एकावर एक ठेवले तर नाव बरोबर जुळतं, पण तशी खिडकी अजून कुठल्या कचेरीत निघालेली नाही.

पायरी ३ : इतरांचं बघून समाधान माना.
'ळ' या दोन्ही लिप्यांत नाही, म्हणून काळे गोरे न होता काले होतात. इंग्रजीतून जाताना मोरे 'मोर' होतात आणि साने 'सेन' होऊन थेट बंगालात उतरतात.

पायरी ४ : थोरांचा आदर्श ठेवा.
मिशेल रेमों हा निजामाच्या फौजेतला फ्रेंच सरदार. १७९५ साली खर्ड्याला तो मराठ्यांशी लढला. त्याच्या आडनावाच्या शेवटी लिहिलेला 'ड' फ्रेंच लोक स्वतःच उच्चारत नाहीत. हैदराबादकरांनी तर 'मस्यू रेमों'चं, म्हणजे श्रीयुत रेमोंचं, पार सोनं केलं : हिंदूंना तो मूसा राम, मुसलमानांना मूसा रहीम. गडी १७९८ साली वारला, पण हैदराबादेत मूसारामबाग अजून नांदते आहे. त्याच स्पेलिंगचं कापड आपण लग्नाला घेतो, तेव्हा मात्र 'रेमंड' म्हणताना 'ड' चांगला ठासून म्हणतो. म्हणजे मुरुडचा गेलेला 'ड' कुठं गेला, याचा तपास लागला.

अडचण आल्यास :
फोनवर आडनाव तीनदा सांगूनही चुकलं, तर पहिल्या नावावर भागवावं. सही मात्र मोडीत करावी. ती कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळं कुणी चुकीची वाचण्याची धास्ती नाही.