आतला माणूस

चाकण-निघोजे पट्ट्यात ज्याने एखादा पावसाळा काढला आहे त्याला दादांची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. आणि ज्याने तो काढलेला नाही, त्याच्याही आळीत, कचेरीत किंवा सोयऱ्याधायऱ्यांत हे गृहस्थ निराळ्या नावाने वावरत असणारच. गॅसच्या टाकीपासून शाळेतल्या प्रवेशापर्यंत कोणत्याही कामाचा आपण नुसता उच्चार करण्याचा अवकाश, दादा तोंडातली तंबाखू डाव्या गालातून उजव्या गालात सरकवतात, टोपी किंचित मागे घेतात आणि आवाज अर्ध्यावर आणून म्हणतात, "सर, तुम्ही कशाला येरझाऱ्या घालताय? आत आपला माणूस हाय." हा माणूस कोण, 'आत' म्हणजे नेमके कशाच्या आत, आणि तो 'आपला' कोणत्या नात्याने, या तिन्ही बाबी काम फिसकटेपर्यंत गुलदस्तात राहतात.

एका कार्तिकी एकादशीला आळंदीच्या दर्शनबारीत आम्ही बरेच पुढे सरकलो असता दादांनी आम्हां सर्वांना बायकामुलांसह रांगेतून बाहेर काढले, कारण आत आपला माणूस होता. तो माणूस त्या दिवशी रजेवर होता. पुन्हा शेपटाला उभे राहून, इंद्रायणीवरून येणारे गार वारे खात, मी मनाशी म्हणालो की आळंदीत ज्याच्या भेटीला आपण जातो तो तर १२९६ सालापासून आतच आहे आणि त्याच्यापाशी वशिला लागत नाही, हे साऱ्या वारकऱ्यांना ठाऊक असलेले सत्य एकट्या दादांपासून कोणी दडवून ठेवले असावे? पण दादांची श्रद्धा ऐतिहासिक स्वरूपाची आहे. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या उरल्यासुरल्या तटाकडे बोट दाखवून एकदा त्यांनी मला १६६० सालच्या वेढ्याची मीमांसा ऐकवली. फिरंगोजी नरसाळ्याने एवढ्याशा भुईकोटावर शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने का थोपवून धरले, आणि खानाला अखेर सुरुंग लावून बुरूज का उडवावा लागला? "कारण, सर, खानाचा आत माणूस नव्हता."

अशा या दादांच्या कक्षेत माझ्या मोटारीची काच फुटली.

मोटार विजेवर चालणारी. कोणत्या कारखान्याची, हे सांगणे येथे प्रस्तुत नाही. निघोज्याहून महाळुंग्याकडे जाताना शेजारून चाललेल्या एका कंटेनरच्या जोडचाकांत अडकलेला खडा सुटला आणि मागच्या दाराच्या पलीकडे जी एक तिकोनी, कधीही न उघडणारी, कोणाच्या खिजगणतीत नसलेली काच असते तिच्यावर नेमका येऊन आदळला. पुढच्या मोठ्या काचेची जात वेगळी. ती दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, त्यामुळे तडकली तरी जागा सोडत नाही. ही बाजूची काच मात्र सहाशे अंशांहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी एकाएकी निववलेली असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली जन्मभर राहतो, आणि एका बिंदूत भेद झाला की तो सारा ताण त्याच क्षणी मोकळा होऊन तिचे असंख्य बोथट कण होतात. मागच्या आसनावर खडीसाखरेचा पुडा फुटावा तसा सडा पडला. कोणाला ओरखडाही उठला नाही, कारण ती अशीच फुटावी म्हणून तशी घडवलेली असते.

सेवाकेंद्रातील तरुणाने जी रीत सांगितली ती सरळ होती: छायाचित्रे काढा, विमा कंपनीला वर्दी द्या, आम्ही काच मागवतो, आली की कळवतो. ही काच पुठ्ठ्यावर धरून कापता येत नाही. तिच्या कडेने साच्यात ओतलेली रबरी किनार असते, ती गाडीच्या अंगाला पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते, आणि म्हणून जुनीचे अवशेष तारेने कापून काढून, जागा स्वच्छ करून, नवी अखंड बसवावी लागते. मी अर्जावर सही करणार, एवढ्यात दादा तेथे प्रकट झाले. ते तेथे कसे आले हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी माझ्या हातातील लेखणी हळूच काढून घेतली आणि त्या तरुणाकडे करुणेने पाहत मला बाजूला घेतले. "ह्यो अर्ज तहकूब ठेवा. गाड्यांचं गाव आपलं. फोक्सवॅगन आपल्या शिवारात, महिंद्र आपल्या शिवारात, आन् आपण काचेसाठी दरखास्त करायची?"

तर्काच्या दृष्टीने हे बिनतोड होते. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली याच निघोज्याच्या हद्दीत उघडला. कुरुळीला सेंट-गोबेन सेक्युरिटचा मोटारींच्या काचांचा कारखाना, ज्याच्या मूळ फ्रेंच पेढीची स्थापना संग्रामदुर्गाच्या वेढ्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १६६५ साली, झाली. काचेच्या प्रांतात तर दादांचा वंशपरंपरागत हक्क होता. १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तेव्हा स्वदेशीच्या नावाने गावोगाव एकेक पैसा गोळा झाला होता, आणि त्यातला एक पैसा दादांच्या आज्याचा होता, अशी त्यांच्या घराण्यातील श्रुती आहे. "म्हंजे बगा, तळेगाव ते चाकण जेवढी काच हाय, तीत आपलं भांडवल हाय." त्या पैशाची पावती कोठे आहे असे मी विचारले. पावती आतल्या माणसाकडे होती.

यानंतरच्या काळाचा तपशील वाचकांना ठाऊकच असल्यासारखा आहे. उघड्या भगदाडावर मी खोक्याचा पुठ्ठा लावला होता. पेट्रोलच्या मोटारीत इंजिनाच्या घरघरीत जे पाप झाकून जाते ते विजेच्या मोटारीत झाकत नाही. गाडी निःशब्द चालते आणि पुठ्ठा एकटाच भाषण करतो. रोज सायंकाळी दादा येत, पुठ्ठ्याची फडफड काही वेळ कान देऊन ऐकत आणि वार्ता सांगत. काच निघाली आहे. काच गेटवर आली आहे. काच गेटवर आहे, पण चलनावर शिक्का मारणारा इसम दुसऱ्या पाळीला गेला आहे. या वार्तांची विश्वसनीयता मला पूर्वानुभवाने माहीत होती. २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्रांनी आपल्या विजेच्या गाडीचे नाव 'बीई ६ई' म्हणून जाहीर केले, इंडिगो विमानकंपनीने '६ई' या आपल्या खुणेवर हक्क सांगितला, आणि डिसेंबरात ते नाव 'बीई ६' झाले. हे सर्व वर्तमानपत्रांत सविस्तर छापून आल्यावर दादांनी मला पारावर गाठून, मागेपुढे पाहून, आतल्या माणसाने फक्त आपल्याला कळवलेली बातमी म्हणून ते कानात सांगितले होते.

आतला माणूस ढिम्म हलेना, तेव्हा दादांनी मोर्चा बाहेर वळवला. प्रथम एक मिस्त्री आणला. त्याने गाडीभोवती अंतर राखून प्रदक्षिणा घातली, 'हिला करंट असतो' असे म्हणून हात लावण्यास साफ नकार दिला, आणि उच्च दाबाच्या तारा नारिंगी वेष्टनात, बॅटरी तळाखाली, आणि काच या दोहोंपासून दूर, हे माझे व्याख्यान होईपर्यंत तो स्कूटरवर बसून गेलाही होता. मग कुदळवाडीचा भंगार बाजार. तेथे आपला माणूस होता याविषयी वाद नाही. परंतु २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तेथील हजारो बांधकामे जमीनदोस्त केल्यामुळे माणूस शिल्लक होता आणि 'आत' शिल्लक नव्हते. तरीही त्या विस्थापित इसमाकडून दादांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच विजयी मुद्रेने आणली. काच उत्तम होती, आकार अचूक होता, कोपऱ्यात मानकाची खूणही कोरलेली होती. फक्त ती उजव्या बाजूची होती आणि माझी डावी फुटली होती. "उलटी करून बसंल की," दादा म्हणाले. वक्र काच उलटी केल्यास तिचा फुगवटा गाडीच्या आत येईल, असे मी निदर्शनास आणले. दादांनी क्षणभर विचार केला आणि उजव्या बाजूची चांगली काच काढून घेण्याची तजवीज सुचवली, म्हणजे मग दोन्ही बाजू एकसारख्या होतील. काळी काच बसवून घेण्याचाही त्यांचा एक प्रस्ताव होता. काळ्या फिल्मविरुद्ध २०१२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी पुढे केला, तेव्हा दिल्लीचे नाव ऐकून ते थोडे घुटमळले. थोडेच.

आता जे सांगावयाचे ते मी नाइलाजाने नमूद करीत आहे. जूनच्या पहिल्या वळवाच्या दिवशी मी घरी परतलो तेव्हा माझा पुठ्ठा काढून टाकलेला होता आणि त्या जागी मल्चिंगच्या कागदाचा एक तुकडा बसवलेला होता, असा की त्याच्या कडेला बोटाचे नखही शिरू नये. दादांनी तो भगदाडाच्या मापाने कात्रीने कापला होता. पट्टी रंगावर न चिकटवता फक्त रबरावर आणि शेजारच्या काचेवर चिकटवली होती, कारण रंगावरची पट्टी उन्हात राहिली तर काढताना रंग घेऊन येते. आणि खालच्या बाजूला, पाणी साचू नये म्हणून, एक बारीकशी दुमड ठेवली होती. आसनाच्या फटींतले काचेचे कण त्यांनी पोळीच्या कणकेच्या गोळ्याने टिपून काढले होते. त्या रात्री पावसाने निघोज्यात ओढ्यांना पूर आणला. गाडीत थेंब आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा फडफडलाही नाही. या संपूर्ण प्रकरणात कोणाच्याही आतल्या माणसावाचून झालेले हे पहिले काम, आणि त्याविषयी दादा अवाक्षर बोलले नाहीत.

सेवाकेंद्राकडे जाण्यास निघालो (अर्ज मी मधल्या काळात मुकाट्याने दाखल करून टाकला होता) तेव्हा दादा शेजारी बसले होते. एका कारखान्याच्या लांबलचक भिंतीकडेने आमची गाडी निःशब्द चालली होती. मध्येच ते म्हणाले, "इथून कांदा. त्या पाण्याच्या टाकीपातूर आमचा कांदा असायचा. आन् जिथं त्ये रंगाचं खातं हाय ना, तिथं इहीर." १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखाली त्यांचे वावर संपादनात गेले, मोबदल्याचा धनादेश मिळाला, त्याचे घर झाले, एका मुलीचे लग्न झाले, एक टेम्पो आला आणि विकला गेला. फेरफार झाला, सातबाऱ्यावरचे नाव निघाले. मी विचारले, आत आता कसे आहे? दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग कळले ते असे: जमीन गेल्यापासून ते त्या भिंतीच्या आत एकदाही गेलेले नाहीत. एकदा गेटवर गेले होते. पहाऱ्यावरचा पोरगा गावातलाच, 'दादा' म्हणून पाया पडणारा. पण त्याने नियमाप्रमाणे वही पुढे केली, आणि वहीत रकाना होता, आत कोणास भेटावयाचे आहे त्याचे नाव. त्यांच्या ओळखीची पोरे आत होती, पण ती सारी कंत्राटी: कोणी उपाहारगृहात ताटे धुणारा, कोणी माल उतरवणारा. त्यांना पाहुणा घेण्याचा अधिकार नसतो. रकाना कोरा राहिला.

गावात मात्र दादांनी त्या दिवशी आपण आत जाऊन आल्याचे सांगितले, आणि बहुधा तेव्हापासूनच आत त्यांचा माणूस आहे.

काच रीतसर मागवलेलीच आली. कारागिराने गोंद लावून ती बसवली आणि गोंद घट्ट होईपर्यंत दारे आदळू नका, दाबाच्या पाण्याने धुऊ नका असे बजावले. दादांनी नवी काच टिचकी मारून पाहिली, माझ्याकडे सूचक दृष्टीने पाहिले आणि सांगितले की शेवटी आपल्या माणसाने जोर लावला. मी ते अमान्य केले नाही. ज्यांच्या गाडीवर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. नेहमीच्या विम्यात काचेवर घसारा आकारत नाहीत, मात्र रबर आणि प्लास्टिकवर निम्मा आकारतात, तेव्हा देयकावर काच आणि किनार वेगळी दाखवली आहे का ते पाहावे. आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत चढत जाते, ती एवढ्याशा तुकड्यापायी घालवण्यापूर्वी बेरीज-वजाबाकी करावी. तिसरी गोष्ट मात्र विनंती आहे. वाचकांपैकी कोणी या पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात अशा हुद्द्यावर असतील की त्यांचे नाव गेटवरच्या वहीत चालते, तर त्यांनी ते एका दिवसापुरते दादांना लिहू द्यावे. अर्ध्या तासाच्या वर वेळ लागणार नाही. विहीर नेमकी कोठे होती ते दादा पावलांनी मोजून दाखवतील, आणि जाताजाता तुमचे एखादे अडलेले कामही अंगावर घेतील. ते मात्र देऊ नये.