चौकडीनं आवळा!

तम्मा पुण्याहून दुधनीला आला की घरात आधी पाने-पक्कड लपवतात. पोरगा हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर पीएचडी करतोय. असं कुणी म्हटलं की तो उखडतो. "सेलवर नाही हो काका, इंटरफेसवर!"

२०२२ च्या ऑगस्टमध्ये केपीआयटी कंपनी आणि एनसीएल प्रयोगशाळेनं पुण्यात हायड्रोजनची बस आणली, तेव्हा ती यानंच केली असा गावभर बोभाटा झाला. यानं घरोघर फिरून खुलासा केला, की बसशी माझा संबंध नाही. असल्या सेलमधला पडदा आणि प्लॅटिनमचा थर जिथं एकमेकांना चिकटतात, तेवढीच जागा माझी. आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये. दोन्हीकडे सारखंच कळलं नाही.

बाजार समितीतल्या आडत्यानं मात्र नेमकं पकडलं. "म्हणजे बांधाची भांडणं म्हण की!" तम्मा हरखला. तुरीच्या पोत्यावर बसून रेघा ओढायला लागला. प्लॅटिनमच्या कणाला एकाच जागी तीन गोष्टी लागतात: हायड्रोजन, प्रोटॉनला पडद्याकडे नेणारी वाट आणि इलेक्ट्रॉनला बाहेर काढणारा कार्बन. एक जरी तुटलं, की तो महागडा कण नुसता बसून खातो. ही गोम विल्यम ग्रोव्हनं १८४२ लाच हेरली होती.

"अजून निकाल नाही?" आडत्या म्हणाला. "दिवाणी दावा दिसतोय."

घरी प्लॅटिनम ऐकून काकूंचे कान टवकारले. स्थळं येताहेत ना! "तुझ्याकडं किती असतं रे?"

"दोन मिलिग्रॅम."

"पाहुण्यांसमोर आकडा काढू नको बाबा."

पण खरा छळ बोल्टांचा. प्रयोगशाळेत सेल जास्त आवळला तर कार्बन कागदाची छिद्रं चेपतात, वायू अडतो. सैल राहिला तर थरांमधला विरोध वाढतो. म्हणून समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीनं, थोडे थोडे, मोजून आवळायचे. हेच शास्त्र त्यानं परवा मळ्यातल्या पंपाच्या फ्लँजला लावलं. चारच बोल्ट, कुठलाही गडी पाच मिनिटांत आवळतो. हा पाव आटा फिरवतो, थांबतो, फटीत डोळा घालतो, समोरचा धरतो. थ्री फेज यायची वेळ झाली, आली, उसाला पाणी लावायचं म्हणून वडील येरझारा घालून थकले. शेवटी यानं पाना खाली ठेवला, वडलांनी बटण दाबलं आणि लाईट गेलेली.

तम्मा फ्लँजवरून बोट फिरवत म्हणाला, "बघा, एक थेंब गळत नाही!"