दांडा बघायचा कार्यक्रम

जुनी अमेरिकन दुधारी कुऱ्हाड हाती लागली की माणसाचे सारे लक्ष पात्याकडे जाते. गंज खरवडायचा, खाली कॉलिन्सचा छाप निघतो की प्लमचा हे भिंगातून पाहायचे, सापडलाच तर चारचौघांत मिरवायचे. दांड्याचे काय, तो 'घेऊ कुठला तरी'. मला हा क्रम साफ उलटा वाटतो. कंपनी कोणतीही असो, लाकूडतोड्याच्या हातात दिवसभर असतो तो दांडाच. आपल्या म्हणीनेसुद्धा गोतास काळ ठरवले ते दांड्याला; पात्याचे तिने नावही घेतलेले नाही. अमेरिकेत मात्र ही म्हण नेमकी लागू पडत नाही. तिथे पूर्वेकडच्या हिकरीच्या दांड्यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरचे डग्लस फर आडवे केले, आणि त्या किनाऱ्यावर हिकरी आपणहून उगवतही नाही. वैर केले, पण गोत टाळून केले.

दुधारीला दांडा सरळच लागतो, यात आवडीनिवडीला जागा नाही. एकोणिसाव्या शतकात ही कुऱ्हाड अमेरिकेच्या जंगलांत रुळली ती एका हिशेबाने: एक धार पातळ, झाड पाडायला; दुसरी जरा जाड, गाठी आणि जमिनीलगतची मुळे तोडायला. म्हणजे काम बदलले की कुऱ्हाड हातातल्या हातात फिरवायची. एकधारीचा बाकदार दांडा दिसतो देखणा, हातालाही गोड लागतो, हे मान्य. पण तोच दुधारीला बसवला तर निम्मा वेळ बाक उलट्या बाजूला राहणार. शिवाय दुधारीचे नेढेही दोन्हीकडून सारखे, लांबट असते. एकधारीचा दांडा कानशीने घासून त्यात कोंबणे म्हणजे भांडणाला पाचर मारून संसार टिकवणे. लांबीचे म्हणाल तर साडेतीन पौंडांच्या पात्याला साधारण ३६ इंच सरळ दांडा पूर्वापार चालत आला आहे. त्याहून लांब दांडे पश्चिमेच्या अजस्र झाडांसाठी होते. अंगणातल्या सरपणासाठी तो थाट कशाला?

खरी गंमत पुढे आहे. दुकानात दांडे निवडणारे लोक पाहिले की स्थळे पाहणारी मंडळी आठवतात: आधी रंग बघतात. हिकरीचे बाहेरचे लाकूड पांढरे आणि गाभा तांबूस. गोरा दांडा खानदानी आणि तांबडा कमअस्सल, असा समज अमेरिकन बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालला. तिथल्या वनखात्याने शंभरेक वर्षांपूर्वीच चाचण्या घेऊन सांगितले की वजन सारखे असेल तर दोन्हींच्या ताकदीत फरक नाही. बाजाराने अहवाल ऐकला आणि गोराच दांडा मागितला. एवढे शास्त्र पुढ्यात असताना रंगावर जाणाऱ्याने निदान व्हार्निशच्या चकाकीवर तरी भुलू नये. तो लेप हाताला फोड आणतो. तो खरवडून जवसाचे तेल चोळणे बरे.

मग पाहायचे काय? पहिली गोष्ट, तंतू. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले पाहिजेत. मध्येच तिरके होऊन कडेला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. दुसरी गोष्ट, टोकाकडची वलये. ती धारेच्या दिशेला समांतर असावीत, असे जुने जाणकार सांगतात. यावर वाद घालणारेही आहेत, आणि त्यांचे एक म्हणणे मला पटते: तंतू तिरके असतील तर वलयांची दिशा काही वाचवू शकत नाही. तिसरी गोष्ट अनेकांना खोटी वाटते. हिकरीत दाट वलयांपेक्षा रुंद वलयांचे लाकूड सहसा वजनदार आणि चिवट निघते. झाड जोमाने वाढले, एवढाच त्याचा अर्थ.

शुद्धतावादी म्हणतील, जुन्या पात्याला दांडाही जुनाच हवा. पण दांडा हा त्या काळीही झिजून बदलायचाच भाग होता. नुसती पाती वेगळी विकली जात. 'सैल झाला तर पाण्यात भिजवू' हा दुसरा युक्तिवाद तर अंगाशी येणारा आहे. लाकूड फुगते, नेढ्यात चेपले जाते आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा सैल होते. म्हणून दांडा कोरडाच घ्यावा, पाचरही कोरडी मारावी.

तेव्हा दुकानातले सगळे दांडे काढायला लावावेत, एक डोळा मिटून प्रत्येकाच्या टोकाकडून नजर टाकावी, आणि वीस नाकारून एकविसावा घ्यावा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्यावा. दांडा मोडून पाते उडाले, तर ते ज्या डोक्याकडे जाणार ते डोके दुकानदाराचे नसते.