मामांची डीसी लोकल

आमच्या शेजारच्या मामांसमोर मुंबईच्या जुन्या लोकलला नावं ठेवायची सोय नाही. परवा आमच्या भाच्यानं ती आगळीक केली. पोरगं ठाण्याला नोकरीला आहे. वंदे भारतनं जालन्याला उतरून भोकरदनला आलं होतं. गाडीच्या आपोआप उघडणाऱ्या दारांचं कौतुक सांगता सांगता बोलून गेलं, की पूर्वीच्या लोकल म्हणजे नुसता पत्र्याचा खटारा. कुंपणापलीकडं मामा शेवग्याच्या शेंगा काढत होते. आकडी फांदीलाच अडकवून ते तारेपाशी आले.

"खटारा कुणाला म्हणतो रे? तिच्या पोटात हात घातलाय म्या. कुर्ला कारशेडला फिटर होतो."

झालं. चहाचे कप तारेवरूनच इकडून तिकडं गेले. मामी तांदळाचं सूप घेऊन ओट्यावर टेकल्या. मामांची नोकरी त्यांनीही निम्मी केलेली, त्यामुळं मध्ये मध्ये दुरुस्त्या सुचवायचा हक्क त्यांचाच.

"तिची जन्मतारीख सांग बरं," मामांनी भाच्याला धरलं. त्याला काय येणार? मग मामाच म्हणाले, "3 फेब्रुवारी 1925. बोरीबंदरला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन आला होता. हार्बरच्या रुळावरून विजेची पहिली गाडी कुर्ल्याला गेली. चार डब्यांची. अख्ख्या हिंदुस्थानात पहिली. डबे इंग्लंड-जर्मनीहून बोटीनं आणलेले."

"आणि आपल्याकडं तेव्हा काय होतं?" मामींनी तांदूळ पाखडता पाखडता विचारलं.

"आपल्याकडं निजाम होता," मी म्हणालो. खोटं नव्हे. भोकरदन तेव्हा हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात. जालन्याला निजामाच्या रेल्वेची मीटरगेज गाडी होती, कोळशाची. मुंबईत माणसं विजेच्या गाडीत बसून कामाला जाऊ लागली, तेव्हा आमच्या गावात विजेचा दिवाही कुणी पाहिला नसेल. सातवाहनांच्या काळात हेच गाव भोगवर्धन म्हणून व्यापाऱ्यांच्या वाटेवर होतं. इटलीत पाँपेईला सापडलेल्या हस्तिदंती बाईसारखी मूर्ती इथल्या उत्खननातही निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी आमचा माल कुठल्या कुठं जात होता आणि आज जालना गाठायला एसटीची वाट बघावी लागते. पण हे माझं नेहमीचं रडगाणं. मामांनी हातानंच थांबवलं.

"1928 ला पश्चिमेकडं वीज आली, चर्चगेटच्या बाजूला. मग घाटात. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली, तीही विजेवरच. घाटात मालगाड्या ओढायला जे विजेचं इंजिन होतं ना, त्याला आमची माणसं खेकडा म्हणायची. चालताना डुलायचं, कण्हायचं. त्यातलं एक वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरात ठेवलंय. पोरंटोरं त्याच्यापुढं फोटो काढतात."

"ते इंजिन झालं. तुम्ही लोकलचं सांगत होता," मामींनी रुळावर आणलं.

आता भाच्यानं शहाण्यासारखं विचारलं. "मग एवढी चांगली होती तर काढली कामून?"

इथं मामा खुलले. गाडी बिघडली म्हणून काढली नाही, तिच्या डोक्यावरची तार बदलली म्हणून काढली, हे त्यांचं ठाम मत. शंभर माणसांना तरी त्यांनी ते समजावलं असेल. समजावण्याची रीत मात्र अस्सल भोकरदनची. ते माझ्याकडं वळले.

"गुरुजी, तुमच्या मळ्यातली मोटार उन्हाळ्यात उचलत नाही ना? का? तुमचं शेत लाईनीच्या शेवटाला. डीपीपासून लांब. दाब तुमच्यापर्यंत येईस्तोवर पडतो. बरोबर? मग बघा. लोकलच्या तारेत दाब होता 1500 व्होल्ट, डीसी. इतक्या कमी दाबावर चार मोठ्या मोटारी असलेला एकेक डबा चालवायचा म्हणजे करंट किती ओढावा लागेल! तार जाडजूड लागते आणि सबस्टेशन दर काही किलोमीटरला लागतं, नाहीतर पुढच्या गाडीची मोटार तुमच्या मळ्यातल्यासारखी कुंथते. नवीन तार 25,000 व्होल्टची, एसी. तेवढ्याच कामाला करंट सोळा-सतरा पटीनं कमी. सबस्टेशन लांब लांब ठेवलं तरी भागतं. चार डब्यांना 1500 पुरलं. ऐंशीच्या दशकात गाडी बारा डब्यांची झाली, वर दर तीन-चार मिनिटाला एक. कुठवर पुरणार?"

"आणि दुसरी गोष्ट," मामांनी आवाज खाली आणला, जणू घरातली भानगड सांगताहेत. "डीसी गाडी सुटताना मोटारीला एकदम पूर्ण दाब देता येत नाही, जळेल. म्हणून डब्याखाली रेझिस्टन्सच्या जाळ्या. मोटरमननं हँडल फिरवलं की आधी वीज त्या जाळ्यांतून जायची, मग हळूहळू एकेक जाळी बाजूला. तोवर निम्मी वीज नुसती तापून हवेत. गाडी प्लॅटफॉर्मवर आली की खालून गरम झळ यायची, आठवतं?"

"आठवतं की," मामी म्हणाल्या. "साडीच्या निऱ्या उडायच्या. पावसाळ्यात बरं वाटायचं."

2007 पासून सिमेन्सच्या मोटारी लावलेल्या नव्या गाड्या आल्या, त्यात हा जाळ्यांचा कारभार नाही. उलट ब्रेक लावला की मोटारच वीज तयार करून तारेत परत ढकलते, म्हणजे थांबणारी गाडी शेजारून सुटणाऱ्या गाडीला हातभार लावते. मामांनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं. जुन्यावर जीव असला तरी हिशेबाला ते पक्के.

तार बदलायलाच कितीतरी वर्षं गेली. रोज लाखो माणसं त्याच रुळावरून जाणार, काम रात्रीच्या दोन-तीन तासांत. मधली काही वर्षं निम्मी तार एसी, निम्मी डीसी. दोन्हींच्या सीमेवर थोडा तुकडा बिनविजेचा असायचा. तिथं दोन्ही विजांवर चालणारी गाडी आली की दिवे-पंखे क्षणभर बंद, डब्यात अंधार, गाडी आपल्या वेगावर घरंगळत पुढं. नवखा माणूस घाबरायचा, रोजचा प्रवासी मोबाइलवरून मान वर काढायचा नाही. पश्चिमेकडची डीसी 2012 मध्ये संपली, मध्यची मुख्य लाईन 2015 मध्ये. हार्बर शेवटी राहिली. जिथं सुरुवात झाली तिथंच तिचा शेवट.

"9 एप्रिल 2016, शनिवारची रात्र," मामा म्हणाले. "शेवटची डीसी कुर्ल्याहून व्हीटीला गेली. मी तोवर रिटायर होऊन इकडं आलेलो. शेडातल्या दोस्ताचा फोन आला. म्हणला, गेली रे. मी म्हणलो, इथं टँकरच्या रांगेत उभा आहे, नंतर बोलू."

त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात, त्याच आठवड्यात, आपल्या मराठवाड्यात रेल्वेची वाट वेगळ्याच कारणासाठी पाहिली जात होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. एक्याण्णव वर्षांच्या विजेच्या गाडीला मुंबईत निरोप आणि लातूरला हंडे घेऊन उभी माणसं, ही एकाच राज्यातली एकाच आठवड्याची बातमी. मला तेव्हाही ती बोचली होती, आजही बोचते.

"मग ते डबे गेले कुठं?" भाच्याचा पुढचा प्रश्न. आता पोरगं रंगात आलं होतं.

"भंगारात. दुसरं काय?" मामा. "थोड्या गाड्यांना नवी यंत्रं बसवली असतील. बाकी लोखंड ते लोखंड. कोण जाणे, फिरत फिरत जालन्याच्या एखाद्या भट्टीत आलं असेल. आमच्या ह्या घराच्या स्लॅबमध्ये जालन्याचीच सळई आहे. एखाद वेळेस कुर्ला शेडची चार नंबरची मोटारकोच आमच्या डोक्यावर असेल."

मामींनी लगेच वर बघितलं. "म्हणूनच पावसात गळतं."

हसून झाल्यावर विषय आपोआप आपल्या गाडीवर आला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, 174 किलोमीटर, 7,106 कोटी रुपये, राजूर, भोकरदन, सिल्लोडवरून अजिंठ्याकडं. त्याआधी आपल्याच तालुक्यातले रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री होते, तेव्हापासून चौकात रोज कुणीतरी स्टेशनची जागा बदलतो. ज्याचं शेत जिथं, त्याचं स्टेशन तिथून लांब आणि भाव मात्र जवळचा.

मामांना जागेत रस नाही. त्यांना एवढंच कळतं, की भोकरदनला रूळ आलाच तर तार पहिल्या दिवसापासून 25,000 ची असेल. कोळसा नाही, डिझेल नाही, डीसी नाही. मधल्या शंभर वर्षांची सगळी भांडणं मुंबईनं आपल्यासाठी भांडून ठेवली, असं ते म्हणतात. मला ते पटतं, पण अर्धंच. भांडायलासुद्धा आधी गाडी असावी लागते.

मामींचं मत निराळं. "खेकड्याला जागा मिळाली. लाखो माणसं ज्या डब्यात लोंबकळून जगली, त्याचं एखादं आसन तरी कुणी ठेवलं का? ती चौथी सीट, अर्ध्या मांडीवर बसायची?" आत जाऊन त्यांनी डब्यातून मामांचा जुना रेल्वेचा पास आणला, कडा मऊ झालेला, वर तेलकट अंगठा उमटलेला. भाच्यानं त्याचा फोटो काढला.

तुमच्याही घरात मुंबईहून परतलेलं कुणी असेल, आणि कपाटात तपकिरी-पिवळ्या लोकलचा एखादा फोटो, पास नाहीतर कारशेडचा बिल्ला पडला असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. मागं तारीख आणि नाव लिहून ठेवा.